दुपारी उरलेलं ऊन

"बॅटरी भरली म्हणतोस, मग आता ऊन जातं कुठे?" आईने विचारलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. २०२१चा एप्रिल. चार्ज कंट्रोलरवरचा दिवा हिरवा झालेला बघून मी समाधानाने उभा होतो, आणि तिने नेमकं मला न सुचलेलं विचारलं.

उत्तर मी दोन दिवसांनी वाचून सांगितलं. ते कुठेच जात नाही. घागर तोंडाशी आली की आपण धार बारीक करतो, तसा बॅटरी भरत आली की कंट्रोलर सोलर प्लेटांकडून वीज घेणं कमी करत जातो. न घेतलेली वीज तयारच होत नाही. प्लेट जरा जास्त तापते, एवढंच. "म्हणजे फुकटच जातं की," आई म्हणाली. भाताची पेजही न सांडणारी बाई ती. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं, पण त्याचा अर्थ मी पहिली तीन वर्षं चुकीचा लावला.

आमचं घर दापोली तालुक्यात, खाडीच्या अलीकडे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आगरातल्या निम्म्या पोफळी आणि सात माड गेले, रस्त्याकडेचे विजेचे खांब ओळीने आडवे झाले. दिवा पुन्हा लागला तो महिन्याने. त्या महिन्यात आईच्या उशाशी रॉकेलची चिमणी ठेवताना ठरवलं, घरात स्वतःची थोडी तरी वीज हवी. पुढच्या जानेवारीत ३३५ वॅटच्या तीन प्लेटा बसवल्या, १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आणि २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घेतला. हिशोब सगळा रात्रीचा होता. दोन पंखे, पाच दिवे, फोन, राउटर, मिळून सव्वा युनिट. दोन बॅटऱ्यांत ३.६ युनिट मावतात आणि निम्म्याच्या खाली उतरवायच्या नाहीत, म्हणजे बरोबर पुरतं. प्लेटा मात्र स्वच्छ उन्हाच्या दिवशी चार युनिट द्यायला तयार असतात. भरताना-काढताना होणारी घट धरली, तरी रोज दोन युनिट उरत होती.

उरतंय तर साठवण वाढवावी, असं मला वाटलं. २०२२मध्ये आणखी दोन बॅटऱ्या घेऊन जुन्यांना समांतर जोडल्या. विकणाऱ्याने बिनदिक्कत जोडा म्हणून सांगितलं होतं. हे मी आज कुणालाही करू देणार नाही. दीड वर्ष वापरलेल्या बॅटऱ्यांशेजारी नवी जोडी लावली की जुनी तिला आपल्या पातळीवर ओढते. शिवाय रात्रीचा खर्च सव्वा युनिटच राहिला, त्यामुळे उन्हाळ्यात चारही बॅटऱ्या अकरा-बारा वाजेपर्यंत भरून बसायच्या. उरायचं तेवढं उरतच होतं. आणि पावसाळ्यात उलटं. जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तीन प्लेटांना चार बॅटऱ्यांचं पोट भरता येईना. लेड-अॅसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धपोटी राहिली की तिच्या आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो. वायरमनकाकांनी अॅसिडची ग्रॅव्हिटी मोजली, १२४० हवी तिथे ११८० होती, आणि दोन दिवस लाइनवर चार्ज करूनही ती चढली नाही. २०२४च्या मे महिन्यात चारही बॅटऱ्या भंगारात दिल्या. टेम्पो गेला आणि मी ओटीवर बसून राहिलो. आईच्या पेन्शनीतले पैसे होते त्यात.

पुन्हा दोनच घेतल्या. त्या आठवड्यात आईने दुसरा प्रश्न विचारला, "पंप दुपारी का नाही लावत?"

आमचा पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचा, लाइनवर चालणारा. आगराला संध्याकाळी पाटाने पाणी सोडायची पद्धत, म्हणून तो संध्याकाळी पाचला लागायचा. वास्तविक आगराच्या चढाच्या अंगाला वडिलांनी बांधलेला हौद आहे, पालापाचोळ्याने भरलेला. तो साफ केला. आता साडेअकराला इन्व्हर्टरवर पंप लागतो, दोन तासांत चारेक हजार लिटर पाणी हौदात चढतं आणि एक युनिट कामी येतं. संध्याकाळी बोळा काढला की पाणी आपल्या वजनाने पोफळीपर्यंत जातं. वीज साठवायला मला हजारो रुपयांच्या बॅटऱ्या लागत होत्या. पाणी साठवायला हौद होताच.

यात एक गोष्ट शिकावी लागली, उरतंय किती ते ओळखणं. बॅटरी भरल्यावर कंट्रोलर शंभर वॅट दाखवतो, कारण घेतोच तेवढी. प्लेटांत आणखी किती दम आहे ते त्यावरून कळत नाही. म्हणून आधी पंप लावायचा आणि व्होल्टेज बघायचं. आकडा २७च्या आसपास टिकला, तर सगळा भार ऊन उचलतंय. २५.५च्या खाली घसरत गेला, तर आपण रात्रीची वीज खातोय, पंप बंद. ढग आला की आकडा डुलतो, तेव्हा पाच मिनिटं थांबून बघायचं. आता आईलाही हे येतं. चष्मा लावून आकडा वाचते आणि मला हाक मारते.

मग आंघोळीचं पाणी. न्हाणीतल्या चुलीवर झावळ्या आणि पातेरा जाळून ते तापायचं, धुराने आईला खोकला लागायचा. हजार वॅटचा हीटर आमच्या तीन प्लेटांना झेपणारा नाही. काकांनी हजार-हजार वॅटच्या दोन कॉइल एकामागोमाग जोडल्या. प्रत्येकीला निम्मा दाब मिळतो, म्हणून दोन्ही मिळून पाचशेच वॅट ओढतात. अर्थिंग आणि ट्रिप होणारा स्विच लावल्याशिवाय त्यांनी चालू करू दिलं नाही. पंप थांबला की हा हीटर लागतो. वीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठपर्यंत न्यायला पाऊण युनिटाहून थोडं जास्त लागतं. पिंप गोधडीत गुंडाळलेलं असतं, संध्याकाळी सहालाही पाणी कढत निघतं.

पुण्याचा भाचा म्हणतो, नेट मीटर घे, उरलेली वीज लाइनला दे. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. त्याच्या घराला ते योग्यच आहे. पण बॅटरीविना लाइनला जोडलेला सोलर लाइन गेली की आपणहून बंद होतो, खांबावर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून. आमच्याकडे वीज हवी असते ती नेमकी लाइन गेलेली असताना. मेमध्ये भर दुपारी लाइट जाते, तेव्हा शेजारच्या वहिनी आंब्याचा रस घेऊन येतात, साठं घालायला. आमचा मिक्सर उन्हावर चालतो. ओटीवर फोन चार्जिंगला लागलेले असतात.

जूनपासून हे सगळं थांबतं. पाऊस लागला की उरत काही नाही, पावसाळाभर आम्ही बॅटऱ्या अधूनमधून लाइनवर पूर्ण भरून घेतो. न्हाणीतली चूल परत पेटते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आभाळ मोकळं झालं. मी प्लेटांवरचं शेवाळ पुसून उतरलो तर आई कंट्रोलरसमोर उभी होती. "सत्तावीस पॉइंट दोन," तिने वाचलं, आणि टॉवेल घेऊन न्हाणीच्या दांडीवर टाकून आली. बारा वाजायला अजून वीस मिनिटं होती.