भाड्याच्या तीन सायकली

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही केरळात कोचीला गेलो होतो. आम्ही म्हणजे नवरा-बायको, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. समुद्र इतका लांब की वर्गात भरती-ओहोटी फळ्यावर खडूनं काढून दाखवावी लागते. दोघंही शिक्षक असल्यामुळे सुट्टी एकदम मिळते, पैसे मात्र बेतानंच असतात. म्हणून सहल कंपनीच्या नादी न लागता रेल्वेचं आरक्षण केलं आणि फोर्ट कोचीत एका कुटुंबाच्या घरातली वरची खोली चार दिवसांसाठी घेतली.

पहिल्या दिवशी दिवसभरासाठी रिक्षा ठरवली. रिक्षावाला बोलायला गोड होता. पण दर तासाला तो मसाल्याच्या नाहीतर शालींच्या एखाद्या दुकानासमोर रिक्षा उभी करायचा आणि "फक्त बघा, घेऊ नका" म्हणायचा. संध्याकाळी हिशेब केला तेव्हा समुद्र पाहिला अर्धा तास आणि दुकानं पाहिली पाच. मुलं कंटाळून झोपाळली होती.

घराच्या फाटकाशी सायकली लावलेल्या होत्या. भाडं दिवसाला १५० रुपये. मुलगी त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "अम्मी, उद्या सायकली घेऊ या?"

आम्ही दोघं गप्प बसलो. या गप्प बसण्याचं कारण सांगायला हवं.

आमच्या शाळेत दरवर्षी मुलींना सायकली मिळतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना, शाळेत येणं सुटू नये म्हणून, त्या दिल्या जातात. वाटपाच्या दिवशी पालकांपुढे बोलायचं काम गेली काही वर्षं आमच्याकडेच आहे. आम्ही मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे सांगतो की मुलगी सायकलवर बसली तर तिचं शिक्षण पुढे जातं, लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. टाळ्या पडतात. आणि आमच्या घरी मुलीला सहावीत घेतलेली सायकल आठवीपासून जिन्याखाली उभी आहे. शिकवणीचा रस्ता एसटी स्टँडवरून जातो, मुलगी मोठी झाली, रिक्षा लावून देऊ, असं म्हणत आम्ही ती बंद केली. कोणी काही म्हटलं नव्हतं. कोणीतरी म्हणेल म्हणून आम्हीच आधी म्हटलं.

आम्हालाही लहानपणी मामूंनी सायकल शिकवली होती. तासाला एक रुपया भाडं. मधल्या दांड्याखालून पाय घालून आम्ही ती चालवायचो. सातवीची परीक्षा झाली आणि दादी म्हणाली, "अब बस." रडलो नाही, भांडलो नाही. त्यानंतर सायकलला हात लागला तो थेट कोचीत.

"इथं आपल्याला कोण ओळखतं? घेऊ या," यांनी तोडगा काढला.

मुलगी पटकन म्हणाली, "ओळखत असते तर ते चुकीचं झालं असतं का, अब्बा?"

त्यावर दोघांनाही उत्तर सुचलं नाही. सायकली मात्र ठरल्या.

घरमालकानं कोचीचा कागदी नकाशा दिला आणि मोलाची माहितीही दिली. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, सिनेगॉग शनिवारी बंद. दुसरा दिवस गुरुवार, म्हणजे दोन्ही उघडी. पाऊस आला तर दुपारनंतर येईल, म्हणून सकाळीच निघा. रात्री नकाशा पसरून आम्ही रस्ता आखला. शिक्षकांची सवय जात नाही, नियमही केले. एक, सगळ्यांनी एका रांगेत चालवायचं. दोन, उतरलं की कुलूप आधी लावायचं. उंट बांधून मग तवक्कल करायचं, ही हदीस मुलानंच आठवून दिली. तीन, कोणी चुकलं तर शोधत फिरायचं नाही. सगळ्यांनी सिनेगॉगजवळच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली यायचं.

सकाळी फजरनंतर सायकली तपासल्या. भाड्याची सायकल घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघावेत, चाकांत हवा आहे का पाहावं, सीट आपल्या उंचीला आणून घ्यावी. आमच्या भगिनींसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधला दांडा नसलेली आणि चेनवर झाकण असलेली सायकल मागावी. आम्ही अबायाखाली सलवार घातली, अबाया गुडघ्याशी एका बाजूला पिनेनं आवळला, ओढणी नीट खोचली. पहिले दहा फूट हँडल डावीकडे-उजवीकडे झालं. हाताला घाम फुटला. मुलगी मागून सीट धरून धावत होती, जसे एके काळी मामू धावायचे. मग तिनं कधी सोडलं ते कळलंच नाही.

फोर्ट कोची सायकलसाठीच वसवल्यासारखं आहे. चढ-उतार नाही, रस्ते अरुंद आणि सकाळी रिकामे, वर मोठमोठ्या पर्जन्यवृक्षांची सावली. पाच मिनिटांत आम्ही समुद्रावर. तिथल्या चिनी जाळ्या रिक्षातून पाहिल्या होत्या, पण आता थांबून त्यांचं काम पाहिलं. लाकडी वाशांच्या टोकाला भलंमोठं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांनी लोंबणारे दगड. चार-पाच माणसं दोर ओढतात, दगडांच्या वजनानं तोल सांभाळला जातो आणि जाळं पाण्यातून वर येतं. वर्गात तरफ शिकवतो ती इथं पोट भरत होती. मुलाला टेकू कुठला, बल कुठलं, भार कुठला हे विचारलं. त्यानं बरोबर दाखवलं.

पुढं सेंट फ्रान्सिस चर्च. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथं आधी लाकडी चर्च बांधलं होतं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि इथंच पुरला गेला. नंतर १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. रिकाम्या कबरीची जागा अजून दाखवतात. छताला दोरीनं ओढायचे कापडी पंखे लटकलेले आहेत. ओढणारा माणूस बाहेर बसायचा. इतिहासाच्या पुस्तकात गामा येतो आणि भारताचा सागरी मार्ग शोधतो. दोर ओढणारे त्या पुस्तकात नसतात.

तिथून मट्टांचेरीकडे बाजार रस्ता लागतो. अंतर दोन-तीन किलोमीटर. दोन्ही बाजूंना जुनी गोदामं, आतून सुंठ, मिरी, वेलचीचा वास. रिक्षातून हा वास आला नव्हता, पेट्रोलचाच आला होता. मुलगी पुढे, मध्ये आम्ही, मागे कॅरिअरवर मुलाला घेऊन हे. एका गोदामापाशी ट्रकमधून पोती उतरत होती. मुलगी कडेनं निघून गेली, आम्ही थांबलो आणि नेमकी तेव्हाच आमची चेन उतरली. हात काळे करून चेन बसवली. वर पाहिलं तर मुलगी नव्हती.

तिच्याजवळ फोन नाही. फोन आम्ही दिलेला नाही, तेही याच काळजीपोटी. हे पुढं धावले, आम्ही मुलाचा हात धरून प्रत्येक गल्लीत डोकावत होतो. नाव घेऊन हाका मारल्या. दहा मिनिटं गेली. डोक्यात जे येतं ते कोणत्याही आईबापाला सांगायला नको. तेवढ्यात एका दुकानातून वयस्क माणूस बाहेर आला आणि चक्क आपल्या दखनीत म्हणाला, "क्या हुआ बहन?"

आम्ही सांगितलं. तो म्हणाला, "डरो नको. सायकल पर बच्ची गई है, निळा दुपट्टा. सीधे गई, आरामसे गई."

'नको' हा शब्द परभणीपासून इतक्या लांब ऐकला आणि पायात थोडं बळ आलं. मट्टांचेरीत कच्छी मेमन आहेत, गुजराती आहेत, गोव्याहून आलेले कोकणी आहेत, तसे उर्दू बोलणारे दखनी मुसलमानही आहेत. या सगळ्यांना एकेकाळी व्यापारानं, नोकरीनं नाहीतर संकटानं इथं आणलं.

सरळ गेलो. घड्याळाच्या मनोऱ्याखाली मुलगी उभी होती. सायकलला कुलूप, किल्ली हातात, नकाशाची घडी केलेली. आम्हाला पाहून तीच रागावली, "इतका वेळ? चुकलं तर इथं यायचं असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

नियम आम्हीच केला होता आणि विसरलो तोही आम्हीच. ती मागं न वळता, न घाबरता ठरल्या जागी येऊन थांबली होती. आम्ही दोघं प्रशिक्षित शिक्षक भर रस्त्यात हाका मारत फिरत होतो. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अल्हम्दुलिल्लाह म्हटलं. रागावायचा हक्क आज तिचा होता.

तो मनोरा १७६० चा. त्याच्या घड्याळांवर हिब्रू, रोमन, मल्याळम असे वेगवेगळे आकडे आहेत. सिनेगॉग १५६८ चं. चपला बाहेर काढून आत जावं लागतं. पायाखाली चीनमधून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या फरशा. शेजारी राजवाडा आणि त्याच्या आवारातलं देऊळ. भिंतीला भिंत लागून. इथले बहुतेक यहुदी इस्राईलला निघून गेले. याच गल्लीत भरतकामाचं दुकान चालवणारी एक वृद्ध यहुदी बाई २०१९ मध्ये वारली. तिच्या म्हातारपणी तिला आणि तिच्या दुकानाला सांभाळलं ते एका मुसलमान माणसानं. ही हकिकत वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचली असेल. त्या गल्लीत उभं राहून ती मुलांना सांगताना वेगळं वाटलं.

जोहरसाठी आम्ही कोचंगाडीकडे गेलो. तिथं चेंबिट्टपळ्ळी ही जुनी मशीद आहे. चेंबू म्हणजे तांबं. छपरावरच्या तांब्याच्या पत्र्यावरून हे नाव पडलं. उतरतं छप्पर, लाकडी कोरीव काम. घुमट नाहीत, मिनार नाहीत. दुरून पाहणाऱ्याला देऊळ वाटेल. मल्याळममध्ये मशिदीलाही पळ्ळी म्हणतात, चर्चलाही पळ्ळी म्हणतात. शाळेला पळ्ळीकूडम म्हणतात, हे घरमालकानं सांगितलं होतं आणि आम्हा शिक्षकांना ते फार आवडलं. हे नमाजला गेले. आम्हा दोघींना जवळच्या एका मशिदीत बायकांसाठी वेगळी जागा मिळाली. सफरात असल्यामुळे जोहरच्या दोनच रकात. मुलीनं सलाम फेरल्यावर हळूच विचारलं, "अम्मी, सफरात सवलत असते. मग सायकलची सवलतही सफरापुरतीच का?"

कुरआनात जमिनीवर फिरा आणि पाहा असं सांगितलं आहे, हे आम्ही दरवर्षी सहलीच्या आधी वर्गात सांगतो. तेव्हा मुलं आणि मुली असा भेद करत नाही. तिला म्हटलं, "घरी गेल्यावर बोलू." टाळण्यासाठी हेच वाक्य आम्ही नेहमी वापरतो, हे तिलाही माहीत होतं.

दुपारी बिर्याणी खाल्ली, वर लिंबू पिळलेला बिनदुधाचा सुलैमानी चहा घेतला. परतताना पावसानं गाठलंच. एका गोदामाच्या वळचणीला सायकली उभ्या करून आम्ही चौघं तासभर थांबलो. कुठं पोहोचायची घाई नव्हती, रिक्षाचं भाडं चढत नव्हतं. संध्याकाळी सायकली परत केल्या तेव्हा मांड्या भरून आल्या होत्या आणि दिवसाचा खर्च तीन सायकलींचे ४५० रुपये झाला होता.

गावी आल्यावर पहिले दोन दिवस कोणी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी हे जिन्याखालून सायकल बाहेर काढून बसले. चेनला तेल दिलं, दोन्ही ट्यूब बदलल्या. सासूबाई म्हणाल्या, "स्टँडवरून जाणार का पोरगी?" आम्ही दोघं एकदम हो म्हणालो. नाही म्हणतानाही आम्ही दोघंच होतो, तेव्हा हो म्हणायलाही दोघं हवेच होतो. नियम पुन्हा केले. अंधाराच्या आत यायचं, कुलूप लावायचं, आणि अडचण आली तर ठरलेल्या दुकानात थांबायचं. या वेळी नियम मुलीनं लिहिले आणि खाली आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या.

पहिल्या दिवशी ती शिकवणीहून सात मिनिटं उशिरा आली. त्या सात मिनिटांत आम्ही दोघं तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. काळजी गेलेली नाही, जाणारही नाही. पण सायकल आता जिन्याखाली नसते.

यंदाच्या वाटपाच्या दिवशी भाषण थोडं लहान करू म्हणतो. आमच्यासाठी मधला दांडा नसलेली एक सायकल घ्यावी का, असाही विषय घरात निघाला आहे. शाळा दीड किलोमीटरवरच आहे. सासूबाईंनी अजून नाही म्हटलेलं नाही.