आराखड्यातला हिरवा रंग

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला मोकळी जागा म्हटली की आधी मैदान आठवतं. आमचं म्हणजे पश्चिमेचं भागशाळा मैदान. एका वेळी टेनिस बॉलच्या चार-पाच मॅचेस चालायच्या. एकीचा पॉइंट दुसरीच्या मिडविकेटला उभा. आपला बॉल कुठला, यावरून रोज भांडण. कडेला आजोबा मंडळींचं राजकारण, निवडणुका आल्या की सभा. झाडं बेताचीच, पण आत शिरताना कुणी कुणाला विचारत नसे.

कॉलेजमुळे ठाण्याची तलावपाळी मिळाली. मासुंद्याच्या काठावर एका भेळेत दोघांची संध्याकाळ निघायची.

आता लेकीला कोलशेतच्या सेंट्रल पार्कला नेतो. 2024 साली खुलं झालेलं, 20.5 एकरांचं, बिल्डरने पालिकेसाठी उभारलेलं. मुघल, चिनी, मोरोक्कन, जपानी धाटणीच्या बागा. पार्क देखणं आहे, उगाच नाकं मुरडू नयेत. पण तिकीट आहे, आणि तिकीट काढलं की माणूस पैसे वसूल करत हिंडतो, नुसता टेकत नाही. शिवाय डोंबिवलीहून तिथे जायचं म्हणजे रविवारचा बेतच.

रोज टेकायची जागा घराजवळच हवी. कागदावर ती असतेही. विकास आराखड्यात 'उद्यान', 'खेळाचे मैदान' अशी आरक्षणं हिरव्या रंगात दाखवलेली असतात. मेख आहे ती 1966च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 मध्ये. आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, की आरक्षण रद्द. मालकाला तरी काय बोलणार? त्याची जमीन वर्षानुवर्षं अडकून पडलेली असते. बाग जाते ती कुऱ्हाडीने नव्हे, तारीख उलटल्याने.

आमच्याकडे उंबार्लीच्या टेकडीवर उन्हाळ्यात कॅनने पाणी वाहून रोपं जगवणारी माणसं आहेत. वणव्यात जळलं तरी पावसाळ्यात पुन्हा लावतात. त्यातली चार आणे चिकाटी आपण आराखड्यासाठी दाखवायला हवी. एकदा पालिकेच्या नगररचना विभागात जा, आपल्या प्रभागाचा नकाशा मागा, त्यातल्या हिरव्या जागांवर आज काय उभं आहे ते स्वतः पाहून या. आणि नव्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या, की मुदतीत लेखी द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका.