छत्तीसचा आकडा

(बी. ए. तृतीय वर्ष, इतिहास)

इतिहासाच्या विद्यार्थ्याने चाकावर लेख लिहावा याचे कोणाला नवल वाटू नये. आमचे पहिल्या वर्षाचे पुस्तक चाकापाशी आल्याशिवाय पुढे सरकतच नव्हते. परंतु मी सांगणार आहे ते चाक हडप्पाचे नाही. ते आमच्या अण्णांच्या शंभर सीसीच्या मोटारसायकलीचे मागचे चाक आहे. त्याला छत्तीस स्पोक आहेत. ते मी एकदा नव्हे, दहा वेळा मोजले आहेत, आणि त्यांच्यापायी अण्णांचा व माझा दोन महिने छत्तीसचा आकडा होता.

आमचे गाव अंबड तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे. अण्णांची मोसंबीची लहानशी बाग आहे आणि तिला वेड्या बाभळीच्या काट्याचे कुंपण आहे. हा काटा मोकाट ढोरांना अडवतो की नाही कोण जाणे, आमच्या टायरला मात्र त्याने कधी सोडले नाही. जालन्याला 'सोने का पालना' म्हणतात. आमच्या वाटेवर त्या पाळण्याला काट्याची झालर आहे. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. तेव्हा आम्ही आपले आमच्या काट्यातच.

आई गावात आशा कार्यकर्ती आहे. मागल्या श्रावणात रात्री एकच्या सुमारास एका वस्तीवरून फोन आला. बाईला कळा सुरू झाल्या होत्या. आईने १०८ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत आपण तिथे असावे म्हणून मला उठवले. अर्ध्या वाटेवर मागचे चाक डुलू लागले. उतरून बघतो तर टायर जमिनीला टेकलेले. काळ्या मातीचा चिखल, वर रिमझिम. आईने माझ्या हातातली बॅटरी घेतली, "तू आण गाडी ढकलत," म्हणाली, आणि एकटी पुढे निघून गेली. तिचा उजेड वळणावर दिसेनासा झाला तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. मी पोचलो तेव्हा रुग्णवाहिका बाईला आणि आईला घेऊन गेली होती. सकाळी आई घरी आली. "मुलगी झाली, दोघी सुखरूप," एवढेच बोलून ती चुलीकडे वळली. पंक्चरचा तिने उल्लेखही केला नाही. तो केला असता तर कदाचित पुढचे सारे घडले नसते.

मी ठरवले की हे चाक ट्यूबलेस करायचे.

ज्यांना यातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टायरच्या आत ट्यूब असते तेव्हा काटा ट्यूबला भोक पाडतो आणि हवा भसकन निघून जाते, कारण तिला बाहेर पडायला रिमला जागोजागी भोके असतात. ट्यूबलेसमध्ये टायर आणि रिम मिळूनच हवा कोंडतात. काटा रुतला तरी तोच बुचासारखा बसून राहतो, हवा हळूहळू झिरपते आणि माणूस घर गाठतो. पंक्चर काढायला चाकही उतरवावे लागत नाही. अलॉयच्या सलग चाकाला हे सहज जमते. आमच्या चाकाला मात्र छत्तीस स्पोकांची छत्तीस भोके आणि व्हॉल्व्हचे सदतिसावे! चाळणीत पाणी भरावे तसेच ते. परदेशात बीएमडब्ल्यूने १९८७ साली यावर तोड काढली: स्पोक रिमच्या अगदी बाहेरच्या कडेला अडकवले, म्हणजे हवेच्या वाटेत भोकच उरले नाही. आपल्याकडे रॉयल एनफील्डच्या हिमालयन गाडीला २०२४ साली तारेची ट्यूबलेस चाके मिळू लागली. पण ती श्रीमंतांची गोष्ट. अलॉयची जोडी घेऊ म्हटले तर अण्णा म्हणाले, "कापूस विकल्यावर बघू." कापसाच्या भावाबद्दल इथे लिहीत नाही, अंकाची पाने मर्यादित आहेत.

राहिला एकच मार्ग, तो म्हणजे भोके आतून बुजवणे. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून मी स्वतःला तज्ज्ञ समजू लागलो होतो. अण्णांनी साफ नकार दिला. "कंपनीवाले काय येडे हायेत का? ट्यूब दिली ती उगंच दिली?" मी त्यांच्याशी बोलणे सोडले आणि शिष्यवृत्तीतून वाचवलेले पैसे घेऊन फाट्यावरच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो.

मिस्त्रीकाकांचे वडील लोहार होते. आमच्या आजोबांच्या बैलगाडीला धाव त्यांनीच बसवली होती. लोखंडी धाव लालभडक तापवून लाकडी चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. ती आवळली की आरे, पाटे, तुंबा सारे एकजीव होते. काका म्हणाले, "ते चाक आऱ्यावर उभं राहायचं. हे तारेचं चाक ताणावर हाय. खड्डा आला की तारा ढिल्या होतात, परत ताणतात. निपल जागेवर हलतंय, पोरा. तू त्याला चिकटवून बसवणार, अन् ते बसंल का?" मग रिमच्या आतल्या बाजूवर त्यांनी बोट फिरवले. "अन् हितं कड नाही. अलॉयला असती. हवा कमी झाली तर टायर मधी उतरंल." मी मान डोलावली. ऐकले मात्र नाही.

पहिला प्रयत्न फसला. रिम पेट्रोलने पुसली होती, तिचा तेलकटपणा तसाच राहिला. वर नळाच्या कामाचे सिरक्यासारख्या वासाचे सिलिकॉन भरले. सकाळी टायर बसलेले. साबणाचे पाणी लावले तर सात ठिकाणी बुडबुडे! काकांनी हसू दाबले आणि नीट पद्धत सांगितली. आधी चाकाचा आऊट काढून घ्यायचा, कारण एकदा बुजवले की स्पोक आवळायची सोय राहत नाही. निपलच्या वर आलेली स्पोकची टोके कानशीने घासायची. गंज काढायचा, थिनरने पुसायचे. ट्रकची काच बसवायला वापरतात ते काळे सीलंट घ्यायचे. ते वाळले तरी रबरासारखे लवचिक राहते. प्रत्येक निपलवर टोपी घालावी तसा थेंब, पूर्ण दिवस वाळवणे, त्यावर रुंद चिकटपट्टीचा गोल वेढा, आणि नट-वॉशरचा धातूचा व्हॉल्व्ह. टायरही ट्यूबलेसचेच हवे, कारण हवा धरणारा रबराचा थर त्याच्या आतच असतो. छत्तीस थेंब देताना माझी मान अशी अवघडली की मध्ययुगीन भारताचा पेपर लिहितानाही अवघडली नव्हती.

कंप्रेसरची हवा भरली आणि ठक् ठक् असे दोन आवाज होऊन टायरच्या कडा बसल्या. (या कडेतल्या तारेच्या कड्याला बीड म्हणतात, आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नसावा.) हवा ३३ ठेवली. दुसऱ्या दिवशी ३३, तिसऱ्या दिवशी ३३. मी अण्णांच्या समोरून मुद्दाम दोनदा गाडी नेली. त्यांनी वर्तमानपत्र खाली केले नाही.

महिना सुखात गेला. एकदा चाकातून तीन काटे उपटले तरी गाडी चालत होती. त्यामुळे हवा तपासायची असते हेच मी विसरलो. आठवड्याला तीन-चार पौंड कुठून तरी झिरपत होते. निपल हलत होती, काका म्हणाले होते तशीच. ट्यूब फुटली की बोंब मारते. हे चाक गुपचूप रिते होत होते.

मार्गशीर्षात लसीकरणाच्या दिवशी आईला मागे बसवून निघालो. ओढ्याच्या उतारावर वळण घेतले आणि मागचे चाक घसरल्यासारखे बाजूला पळाले. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरली होती आणि उरलेली हवा एका दमात गेली. वेग कमी होता म्हणून निभावले. मला खरचटले. आई हातावर पडली. तिच्या उजव्या मनगटाचे हाड चिरले आणि नोंदवही ओढ्याच्या चिखलात पडली.

मिस्त्रीकाका मला काही बोलले नाहीत, अण्णाही नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा नवी ट्यूब घेऊन आले, अंगणात गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाले, "धर ते चाक." टायर तेच ठेवले, ट्यूबलेसच्या टायरातही ट्यूब चालते. चिकटपट्टी त्यांनी सोलून काढली. काळे थेंब तेवढे आत राहिले. त्यांवर अंगठा फिरवून ते म्हणाले, "काम बाकी नेटकं केलं व्हतंस." दोन महिन्यांतले हे त्यांचे माझ्याशी पहिले वाक्य म्हणायला हरकत नाही.

आईचा हात पाच आठवडे प्लास्टरमध्ये होता. तितके दिवस तिच्या नोंदी मी लिहिल्या. चिखलाने पुसट झालेली जुनी पाने नव्या वहीत उतरवताना श्रावणातली ती तारीख समोर आली. बाईचे नाव, वस्तीचे नाव, मुलगी, वजन दोन किलो सहाशे ग्रॅम. शेवटच्या रकान्यात आईच्या अक्षरात लिहिले होते: 'सोबत गेले.' मी ते तसेच उतरवून घेतले.

गाडीच्या डिकीत आता पायाने मारायचा पंप आहे, एक जास्तीची ट्यूब आहे आणि पान्हे आहेत. अंधारात मागचे चाक उतरवून ट्यूब बदलायला मला अर्धा तास लागतो, अण्णांना वीस मिनिटे. परवा रात्री पुन्हा फोन आला. मी किक मारली तरी आई बसेना. ती वाकली, बॅटरीचा उजेड मागच्या टायरवर धरला आणि अंगठ्याने दाबून पाहिले, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग म्हणाली, "चल."