एल्कहार्टचा गळका टप

मैत्रिणींनो, अमेरिकेहून आलेली बाई नायगाऱ्याचे वर्णन करणार, हे ठरलेलेच. मी मात्र तुम्हांला एका गळक्या टपाची हकीगत सांगणार आहे.

माझी लेक इंडियाना राज्यात एल्कहार्ट या गावी राहते. शिकागोहून मोटारीने दोनेक तासांचा रस्ता. इचलकरंजीला जसे माग, तशी या गावाला चाकांवरची घरे! १९३० च्या दशकापासून इथे ट्रेलर बनतात. इथल्या संग्रहालयात १९१३ सालचा एक ट्रेलर अजून जपून ठेवला आहे. शिपशेवाना गावाकडे निघालात तर रस्त्यात आमिश लोकांच्या काळ्या घोडागाड्या लागतात. घरी मोटार न ठेवणारे हे लोक, पण त्यांच्यातले कितीतरी ट्रेलरच्या कारखान्यांत कामाला जातात. आहे की नाही गंमत?

लेकीच्या अंगणातही एक ट्रेलर उभा होता. मोटारीमागे जोडायची, चहूबाजूंनी बंद अशी बारा फुटी पत्र्याची पेटीच म्हणा ना! तिथली पंधरा-वीस मराठी कुटुंबे मिळून गणपती बसवतात. स्वतःची जागा नाही, दरवर्षी शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा. त्यामुळे मखर, समया, सतरंज्या, मुलांची लेझीम असा सगळा संसार या पेटीत.

मी पोचले मे महिन्यात. हिवाळाभर टपावर बर्फ साचून वितळला होता. दार उघडले तो कुबट वासाचा भपकाराच आला. सतरंज्यांना बुरशी, मखराचा पुठ्ठा लोंबलेला, चौरंगाची फळी फुगलेली.

जावई म्हणाले, "आई, विकून टाकू हे धूड. सजावट काय, दरवर्षी नवी आणता येईल."

लेक काही बोलली नाही. चौरंग उन्हात ठेवून पुसत बसली. तो माझ्या सासूबाईंचा चौरंग. तिच्या लग्नानंतर मीच तिकडे पाठवलेला.

शेजारच्या आजोबांचा सगळा जन्म ट्रेलरच्या कारखान्यात गेलेला. ते आले, आत डोकावले आणि म्हणाले, "पाणी ठिबकतं तिथंच ते शिरतं, असं समजू नका." अगदी आपल्या कौलारू घरासारखे बघा! पाणी वाशावरून ओघळते आणि भलतीकडेच टपकते. जावयांनी आदल्या वर्षी डागाच्या बरोब्बर वर सिलिकॉन थापले होते. ते केव्हाच पापुद्र्यासारखे सुटले होते.

मग शोध सुरू झाला. लेक आत टॉर्च घेऊन बसली, जावई शिडीवर. नळीचे पाणी आधी खालच्या सांध्यावर पाच मिनिटे, मग हळूहळू वर. एकदम वरून सोडले तर कुठून शिरले ते कळतच नाही. टपाच्या मधल्या झरोक्यापाशी पाणी गेले आणि आतून हाक आली, "आलं, आलं!" डाग होता तिथून चांगला चार फूट लांब.

जुने सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने पार खरवडून काढले, कारण त्यावर दुसरे काही धड चिकटत नाही. जागा स्पिरिटने पुसली. जावयांना घाई, पण आजोबा म्हणाले, "उद्या." ओल आत कोंडली की आतल्या फळ्या कुजतात. दुसऱ्या दिवशी झरोक्याच्या चौकटीखाली ब्यूटिलची चिकट पट्टी बसवली आणि स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले. शेवटी कडांवर आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर टपाचे खास सीलंट सोडले. ते धिरड्याच्या पिठासारखे आपोआप पसरते. उभ्या बाजूला मात्र ओघळते, तिथे दाट प्रकारच हवा. टपावर पाय द्यायचा नाही हं! पातळ पत्रा दबला की खळगा होतो आणि खळग्यात पाणी साचते. पाणी वाहून जावे म्हणून ट्रेलरचे तोंडही जरा उंच करून ठेवले.

आत कोरडी वर्तमानपत्रे अंथरली. तिसऱ्या रात्री विजांचा कडकडाट करीत पाऊस आला. मी उठून पाहते तो लेक खिडकीशी उभी! उजाडताच आम्ही सगळे ट्रेलरकडे धावलो. झरोक्याखालचे कागद खडखडीत कोरडे. दारापाशी मात्र एक ओला ठिपका.

आता हे काय म्हणतात, म्हणून मी जावयांकडे पाहिले. ते म्हणाले, "दारावरची पट्टी राहिली वाटतं," आणि सीलंटची नळी आणायला गेले. विकण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

तुमच्याकडे ट्रेलर नसेल, पण बाल्कनीवरचा पत्रा असेलच ना? मृगाआधी एवढे करा. डागाच्या वरच्या अंगाचे सांधे आणि स्क्रू तपासा, जुने खरवडा, सुकू द्या, मगच नवे लावा. आणि पावसाळा संपला की पुन्हा एकदा पाहा.

चौरंगाची फळी काही पूर्ण सपाट झाली नाही. गणपतीत लेक तिच्यावर जाड आसन घालते. बाप्पा छान बसतात.