गर्दी ओसरल्यावरचा समुद्र

माझ्या पत्नीने समुद्र तीस-पस्तीस वेळा तरी पाहिला असेल, असा माझा समज होता. लग्न झाल्यापासून ६ डिसेंबरला दादरला जायचे आम्ही फारसे कधी चुकवले नाही. २०२० साली कोरोनामुळे घरूनच अभिवादन केले, तेवढाच काय तो खंड. गेल्या पावसाळ्यात चहा पिता पिता मी तिला सहज म्हणालो, "तुझ्याइतका समुद्र पुण्यातल्या फार थोड्या बायकांनी पाहिला असेल."

ती म्हणाली, "समुद्र कुठं पाहिला? पुढच्या माणसांच्या पाठी पाहिल्या. तुमच्या खांद्यावर पोरगं, माझ्या डोक्यावर भाकरीचं गठुडं. दर्शन झालं की तुम्ही पुस्तकांच्या स्टॉलवर, आणि पोरं हरवू नयेत म्हणून त्यांचे हात धरून मी. एकदा तरी पाण्यात पाय घालून बसले का मी? आठवून सांगा."

मला आठवेना.

वाचकहो, आपल्या पिढीचा प्रवास असाच झाला. लग्न, मयत, गावाकडच्या घराची वाटणी, नागपूरची दीक्षाभूमी, दादरची चैत्यभूमी. त्याचा अभिमान आहेच. पण काही काम नसताना, फक्त दोघांनी, नुसते बसायला म्हणून कुठे जाणे ही गोष्ट आपल्या घरात नव्हती. आधी पैसा नव्हता, मग रजा नव्हती, मग मुलांची शिक्षणे आली. आता मी ६८ वर्षांचा आहे, ती ६३ वर्षांची. पेन्शन बेताची आणि तिचे दोन्ही गुडघे दुखरे. म्हटले, आता नाही तर कधी?

ठिकाण ठरवायला वेळ लागला नाही. दापोलीजवळचे मुरुड. अलिबागजवळही एक मुरुड आहे, जंजिऱ्याचे. हे ते नव्हे. हे रत्नागिरी जिल्ह्यातले, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. वेळ मात्र विचार करून निवडली. कोकणात मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत आणि डिसेंबरच्या अखेरीस पाय ठेवायला जागा नसते. गणपतीत चाकरमान्यांमुळे गाड्या भरलेल्या. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला. पण गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंतचे जे साधारण सहा आठवडे असतात, त्यात किनारा रिकामा असतो. पाऊस ओसरत आलेला, डोंगर अजून हिरवे आणि खोल्यांचे भाडे उतरलेले. आठवड्याच्या मधले वार धरले तर आणखी कमी.

पत्नीने आढेवेढे घेतले. विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू आहे, नातवाची परीक्षा आहे, या वयात लोक काय म्हणतील. महिला मंडळातल्या बायकांनीच तिला दटावले, "तीन दिवस ग्रंथ आम्ही वाचू, तुम्ही जा." तेव्हा ती तयार झाली.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी मुलाला सांगितलेली नाही. खोलीसाठी मी पहिला फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी आधी सांगितले, "या की, सगळ्या खोल्या रिकाम्याच आहेत." मग नाव विचारले, मग आडनाव, मग गाव. थोडा वेळ आवाज आला नाही. नंतर म्हणाले, "अहो, रंगाचं काम काढलंय, जागा नाही." राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात हॉटेले, दुकाने, उपाहारगृहे यांत जातीवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. ते मला पाठ आहे. पण रंगाच्या कामाला कोणता अनुच्छेद लावायचा? मी फोन ठेवला. पत्नी भाजी निवडत होती. तिने मान वर न करता एवढेच म्हटले, "दुसरीकडे लावा."

दुसरीकडे एका बाईंनी फोन उचलला. त्यांनी आडनाव विचारलेच नाही. "दोघंच का? जिना चढवतो का? नाहीतर खालची खोली देते. मासे खाता ना?" भाडे सांगितले दिवसाला नऊशे रुपये. मे महिन्यात त्याच खोलीचे दोन हजार घेतात, हेही त्यांनीच सांगितले. एकाच किनाऱ्यावरची ही दोन माणसे. दोन्ही खरी आहेत, म्हणून दोन्ही लिहिली.

पुण्याहून दापोलीला एसटीने सहा-सात तास लागतात. ज्येष्ठ नागरिक म्हणून मला निम्मे तिकीट आणि मार्च २०२३ पासून महिलांना मिळणाऱ्या सवलतीमुळे तिलाही निम्मे. म्हणजे दोघांत मिळून एकच तिकीट. ताम्हिणी घाटात अजून लहान-मोठे धबधबे वाहत होते. महाडला गाडी दहा मिनिटे थांबली. चवदार तळ्यापर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता. पत्नीने पिशवीतली बाटली काढून स्टँडवरच्या नळावर भरून घेतली आणि काही न बोलता दोन घोट प्याली. मलाही दिली.

दापोली डोंगरावर आहे आणि समुद्र खाली. इंग्रजांची छावणी इथे होती, म्हणून जुनी माणसे अजून 'कॅम्प' म्हणतात. सुभेदार रामजी सेवानिवृत्तीनंतर काही काळ मुलाबाळांसह इथेच राहिले होते. कोकण कृषी विद्यापीठही इथेच आहे, १९७२ साली स्थापन झालेले. दापोलीहून मुरुडला उतरताना एका वळणावर झाडांच्या वर एक निळी-राखाडी रेघ दिसली. पत्नी म्हणाली, "ढग आलेत वाटतं." कंडक्टर हसून म्हणाला, "आजी, दर्या आहे तो."

घर नारळी-पोफळीच्या वाडीत होते. पुढे खळे, मग पडवी, आणि वाडी संपली की सुरूची झाडे आणि वाळू. जेवायला तांदळाची भाकरी, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी. जेवण झाल्यावर मी खिशातून कागद काढला. सकाळी हर्णै, मग सुवर्णदुर्ग, दुपारी आंजर्ले, संध्याकाळी कर्दे, परवा लाडघर आणि दाभोळ. चौतीस वर्षे कारखान्यात नोकरी केलेला माणूस मी, कार्यक्रमाशिवाय मला चैन पडत नाही.

पत्नीने कागद घेतला, घडी केली आणि माझ्या खिशात परत ठेवला. "मला कुठं जायचं नाही. मला इथं बसायचंय."

मला राग आला, खोटे कशाला बोलू? एवढे पैसे खर्चून आलो आणि नुसते बसायचे! मी म्हणालो, "बसायला घर काय वाईट होतं?" ती म्हणाली, "घरात मी कधी बसले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. ओहोटीच्या वेळी ओली वाळू घट्ट असते, सडकेसारखी. गुडघेदुखी असलेल्या माणसाला चालायला तिच्याइतकी चांगली जागा नाही. भरतीच्या वेळी मात्र वरच्या कोरड्या वाळूतून चालावे लागते, पाय रुततात आणि गुडघ्यावर ताण येतो. भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा होते आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हे गणित घरमालकीणबाईंनी आम्हाला शिकवले. त्या दिनदर्शिकेवरची तिथी पाहून वेळ सांगत.

दूरवर जाळे सारखे करणारे दोन कोळी आणि एक कुत्रे सोडले तर सबंध किनाऱ्यावर कोणी नव्हते. पत्नीने लुगड्याचा ओचा वर खोचला आणि घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली. लाट परत फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते, तेव्हा ती दचकून माझा हात धरायची. मुलांचे हात धरता धरता आमचे एकमेकांचे हात धरायचे राहूनच गेले होते. मग ती तिथेच ओल्या वाळूत बसली. तासभर बसली. मीही बसलो. पहिला अर्धा तास जड गेला. पुढे कधी सोपे झाले ते कळले नाही.

मात्र सवय कुठे जाते? दुपारी पाहतो तर ही स्वयंपाकघरात घरमालकीणबाईंना नारळ खोवून देत होती! मी रागावलो तर दोघी हसल्या. बाई म्हणाल्या, "दादा, तुम्ही झोपा. आम्ही गप्पा मारतोय." दोघींच्या तोंडी गुडघ्यांचे दुखणे आणि सुनांचे स्वभाव. दोन्ही विषय न संपणारे.

संध्याकाळी मात्र ती आपणहून म्हणाली, "चला, तुमचं ते हर्णै पाहू." हर्णैचे बंदर मुरुडपासून जवळ आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे, १७५५ साली इंग्रजांनी घेतलेले. पण आमचे लक्ष किल्ल्याकडे राहिले नाही. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी उठून दोन महिने होत आले होते आणि होड्या भरून येत होत्या. किनाऱ्यावर लिलाव चालू होता. बांगडे, कोळंबी, सुरमई यांचे ढीग, बोली, भांडणे, हसणे. आणि पाण्यापासून वरपर्यंत डोक्यावर टोपल्या घेऊन जाणारी माणसे, गळणारे पाणी मानेवरून पाठीवर उतरत असलेली.

पत्नी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रमाईचे वडील हेच काम करायचे ना, दाभोळच्या बंदरात?"

भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत, हे आपण सर्वांनी वाचलेले आहे, भाषणांतून ऐकलेले आहे. मीही भाषणात सांगितले आहे. पण टोपलीला वजन असते आणि तिच्यातून खारे पाणी गळते, हे मला त्या संध्याकाळी कळले.

तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीआधी आम्ही दापोलीहून रिक्षा करून वणंदला गेलो. ते तिनेच ठरवले. ७ फेब्रुवारीला, रमाईंच्या जयंतीला, इथे मोठी गर्दी लोटते. आम्ही गेलो तेव्हा स्मारकात आम्ही दोघेच होतो. बाहेर पावसाने वाढलेले गवत आणि पाखरांचा आवाज. आईवडील लहानपणीच गेले, १९०६ साली लग्न झाले आणि २७ मे १९३५ रोजी सारे संपले. चाळिशीही गाठली नाही. पत्नी बराच वेळ हात जोडून उभी होती. मग हळूच म्हणाली, "हवापालटासाठी म्हणून धारवाडला पाठवलं, तर तिथंही वसतिगृहातल्या पोरांसाठी बांगड्या काढून दिल्या म्हणतात. विसावा घ्यायचा कुणी शिकवलाच नाही बायांना."

मला काल दुपारचा तो खोवलेला नारळ आठवला. मी काही बोललो नाही.

ज्यांना असे जावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. गणपती उठल्यानंतरचे किंवा फेब्रुवारीतले मधले वार धरावेत. खोली खालच्या मजल्यावरची मागावी आणि संडास कोणत्या पद्धतीचा आहे ते फोनवरच विचारावे. गुडघ्यांच्या दृष्टीने समुद्र दिसण्यापेक्षा ते महत्त्वाचे. रोजची औषधे दोन दिवसांची जास्त न्यावीत. एसटीच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ ठेवावे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. पाण्यात घोट्याच्या वर जाऊ नये, रिकाम्या किनाऱ्यावर हाकेला कोणी नसते. आणि कार्यक्रमाचा कागद घरी ठेवून जावा.

तीन दिवसांत जेवण, राहणे, प्रवास धरून आमचे पाच हजारांच्या आत भागले. मुलाने विचारले, "काय काय पाहिलं?" पत्नी म्हणाली, "काही नाही, बसलो होतो." तो माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "खरंच बसलो होतो."

येत्या ६ डिसेंबरला आम्ही नेहमीप्रमाणे दादरला जाणार आहोत. रांग असेल, गर्दी असेल, पुढच्या माणसांच्या पाठी असतील, आणि ते तसेच असायला हवे. फक्त भाकरीचे गठुडे या वेळी मी घेणार, असे तिला सांगून ठेवले आहे.