आठवी पोटली

मागच्या उन्हाळ्यात कोठीतला गहू काढला, तेव्हा टिकड्या सात निघाल्या. घातल्या होत्या आठ. आमच्या मंडळींनं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत एकेक बांधून टाकल्या होत्या, त्यामुळे मोजायला सोप्या. आठवी पोटलीही सापडली, पण उसवलेली. आत काही नाही.

धान्यात ठेवायची पाऱ्याची टिकडी विदर्भातच काय, सगळ्या महाराष्ट्रात बायामाणसांना माहीत आहे. राखाडी रंगाची, गोळीएवढी. किराणा दुकानात मिळते. तिच्यातल्या पाऱ्याची वाफ हळूहळू धान्यात पसरते अन् किडीची अंडी मरतात. वाफेला वास नाही, रंग नाही. गहू वर्षभर पोरका पडत नाही, म्हणून बायका खूश. दळणाआधी टिकड्या मोजून काढायच्या, एवढाच नेम.

आणि इथं दळण तर आधीच झालेलं. पंधरा किलो गहू चक्कीवरून आणला होता, अर्धं पीठ खाऊनही झालं होतं. घरात चार वर्षांची नात.

कोठी पालथी केली, गहू दोनदा चाळला. टिकडी नाही. मंडळी पिठाच्या डब्याजवळ बसली अन् म्हणाली, "एवढं पीठ फेकता काय? कोंबड्याईले टाकून पाहू ना. दोन दिवस पाहू. मेल्या नाही तं चांगलं आहे."

हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं. बहात्तर सालच्या दुष्काळात, माझ्या आजीच्या तोंडून.

तेव्हा मी पाचवीत होतो. आमच्याकडं मराठवाड्याइतकी गत नव्हती, पण पाऊस दगा देऊन गेला होता अन् रेशनवर लाल मिलो जवारी आली होती. घरात संकरित जवारीचं बियाणं उरलं होतं, दुबार पेरणीसाठी राखलेलं. त्याला औषधाची भुकटी चोळलेली होती. त्या काळी कपाशी-जवारीच्या बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याची औषधं सर्रास लावत. पोत्यावर कवटीचं चित्र होतं. आजीनं बियाणं तीन पाण्यांनी धुतलं. रंग गेला. "रंग गेला तं विष गेलं," म्हणाली. मग मूठभर कोंबड्यांना टाकलं. चार दिवस कोंबड्या आंगणभर फिरल्या, अंडी दिली. पाचव्या दिवशी जातं सुरू झालं.

मी त्या भाकरी दोन दिवस खाल्ल्या. भूक होती, चवीचं काही आठवत नाही. तिसऱ्या दिवशी बाबा कामावरून आले, पोतं पाहिलं अन् दुरडीतल्या भाकरी उचलून उकिरड्यावर नेऊन पुरल्या. आजी रडली. दुष्काळात अन्न पुरलं म्हणून तिनं बाबांशी आठ दिवस धड बोलणं ठेवलं नाही. आम्हाला कोणाला काही झालं नाही, अन् त्यामुळे आजी मरेपर्यंत म्हणत राहिली की पोरानं चांगली जवारी मातीत घातली. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

नातू कृषी पदविकेला आहे. पिठाच्या डब्यावरून आमचा वाद चालला होता, तेव्हा त्यानं इराकची गोष्ट वाचून दाखवली. आमच्या दुष्काळाच्या आदल्याच हिवाळ्यातली, 1971-72 ची. तिथंही आधी दुष्काळ पडलेला. सरकारनं परदेशातून गहू अन् जवाचं बियाणं मागवलं, जवळजवळ पंचाण्णव हजार टन. त्याला पाऱ्याचं औषध अन् ओळखायला लाल-गुलाबी रंग. पोत्यांवरची सूचना इंग्रजीत नाहीतर स्पॅनिशमध्ये. कित्येक ठिकाणी बियाणं पोहोचलं तोवर पेरणी उरकलेली. घरात खायला नाही अन् दारात गहू. लोकांनी तो धुतला. रंग गेला. कोंबड्यांना, ढोरांना घालून पाहिला. काही झालं नाही. मग रोट्या केल्या.

नातू वाचता वाचता थांबला, कारण मी हातातली पानाची चंची खाली ठेवली होती.

पाऱ्याचं हे विष लगेच दिसत नाही. खाल्ल्यावर कित्येक आठवडे माणूस धडधाकट. मग बोटांना मुंग्या, चाल लटपटते, नजर आखूडते, जीभ अडखळते. मेंदूत शिरलेलं ते धुवून निघत नाही. इराकात 6530 माणसं दवाखान्यात भरती झाली, त्यातली 459 गेली. ही फक्त दवाखान्यातली मोजणी. कोंबडीनं चार दिवसांत काय सांगावं?

2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून जास्त माणसं गेली. घाटंजी तालुक्यातलीही होती. ते विष वेगळं, त्यात पारा नव्हता. सकाळी पंप पाठीवर घेतलेला माणूस संध्याकाळी उलट्या करत आडवा. त्यामुळे गावाला विष म्हटलं की तेच ठाऊक. पाडत नाही ते विषच नाही, असा आमचा हिशेब.

मंडळींचा प्रश्न रास्त होता. "मंग टिकडी काहून विकतात?" नातवानं त्याला जमेल तसं सांगितलं. पारा सगळा एकसारखा नाही. बियाण्याला लावायचा तो दुसऱ्या द्रव्यांशी जुळवलेला, पोटातून रक्तात भराभर जाणारा. टिकडीतला नुसता पारा पोटात गेला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो. पण त्याची वाफ श्वासात गेली तर शंभरातले ऐंशी भाग अंगात राहतात. आणि तापला की वाफ जास्त.

तवा तापतो तिथं कोण बसतं? ती काही बोलली नाही.

मला नववीतला वर्ग आठवला. विज्ञानाच्या गुरुजींनी पाऱ्याची बाटली आणली होती. बोटभर बाटली, पण उचलताना हात खाली जायचा. पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड. त्यात टाकलेला लोखंडी खिळा तरंगला. मग पारा आमच्या तळहातांवर फिरला. ओला वाटेना, पकडता येईना. गुरुजींची सोन्याची अंगठी पांढरी पडली, तेव्हा वर्ग पोट धरून हसला. दारंखिडक्या लावलेल्या होत्या, पाऊस होता. आता हसू येत नाही.

नातीला यवतमाळला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी मंडळींना अन् पोरीला हात पुढं करायला लावले, बोटं कापतात का पाहिलं, हिरड्या पाहिल्या. लक्षण काही नाही म्हणाले. लक्ष ठेवा, पीठ वापरू नका. पोरीनं येताना बसमध्ये सगळ्यांपुढं हात धरून दाखवले.

पाऱ्याचं शेवटचं शेती औषध, उसाच्या बेण्याला अन् बटाट्याला लावायचं, आपल्या देशात 2018 च्या ऑगस्टमध्ये बंद झालं. म्हणजे बाबांनी भाकरी पुरल्या त्याला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली होती.

पण पुरायच्या तरी कुठं? हा पेच आता माझ्यापुढं आहे. बाबांच्या वेळचा उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला होता. जपानात मिनामाताला कारखान्यानं पारा पाण्यात सोडला, तो मासोळीत गेला, मासोळीतून माणसांत. 1956 मध्ये आजार उघडा पडला, त्याआधी गावातली मांजरं नाचल्यासारखी लटपटून मरत होती. आमचा ओहोळ वाघाडीला मिळतो. मी पीठ पुरलं नाही, जाळलं तर नाहीच. दुहेरी पिशवीत बांधलं. सात टिकड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकण. सगळं पत्र्याच्या डब्यात घालून गोठ्याच्या आढ्याला टांगलं आहे.

घाटंजीला गेलो तेव्हा घंटागाडीवाल्या पोराला विचारलं, पारा आहे, घेता का. त्यानं गाडी थांबवली, विचार केला अन् म्हणाला, "काका, ओला कचरा का सुका?"

डबा अजून आढ्यालाच आहे. कोठीत यंदा कडुनिंबाचा पाला घातला. तुरीच्या डाळीला मंडळींनं एरंडीचं तेल चोळलं. गव्हाला थोडे पोरके लागले, ते ती सकाळी उन्हात बसून निवडते. आठवी टिकडी सापडलेली नाही.