घर जेफरसनचं, राबलं कोण?

अमेरिकेचा पाया घालणाऱ्या नेत्यांची घरं तिकडे देवळासारखी जपलेली आहेत. लेकीकडे व्हर्जिनियाला गेले होते, तेव्हा त्यातली तीन पाहिली : वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन, जेफरसन यांचं मॉन्टिसेलो आणि मॅडिसन यांचं माँटपेलियर. घरं देखणी आहेतच, प्रश्नच नाही. पण त्या घरांची गोष्ट कोणी सांगायची, यावरून तिथे जो वाद चाललाय तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. म्हणून ही पोस्ट.

माउंट व्हर्नन लांबून दगडी वाटतं. जवळ जाऊन बघा, चक्क लाकूड! फळ्यांना चिऱ्यांसारखा आकार देऊन ओल्या रंगावर वाळू मारलेली. १८५० च्या दशकात हे घर मोडकळीला आलं होतं. केंद्र सरकारने विकत घेतलं नाही, व्हर्जिनिया राज्यानेही नाही. शेवटी अॅन पामेला कनिंगहॅम या बाईंनी देशभरातल्या बायकांना हाक दिली. वर्गणी काढून १८५८ मध्ये २ लाख डॉलरला घर घ्यायचा करार झाला. बायकांना तेव्हा मताचा अधिकारसुद्धा नव्हता! आजही तीच संस्था हे घर सांभाळते.

आता दुसरी बाजू. १७९९ मध्ये वॉशिंग्टन वारले तेव्हा तिथे ३१७ गुलाम राबत होते. त्यातल्या स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं. उरलेले बहुतेक पत्नीच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. ते गुलामच राहिले. घर लोकांसाठी खुलं झालं १८६० मध्ये. गुलामांच्या दफनभूमीवर साधी खुणेची शिळा बसायला १९२९ उजाडलं.

मॉन्टिसेलोची गोष्ट आणखी अवघड. सगळी माणसं समान आहेत, असं जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफरसन यांनी आयुष्यभरात ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. १८२६ मध्ये ते कर्जबाजारी होऊन गेले आणि पुढच्याच वर्षी तिथल्या १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. सॅली हेमिंग्ज ही त्यांच्या घरातली गुलाम स्त्री. तिच्या मुलांचे बाप जेफरसनच, हे तिच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या सांगितलं. मोठमोठे इतिहासकार ते उडवून लावत. १९९८ मध्ये डीएनए चाचणी झाली, तेव्हा कुठे त्यांचं म्हणणं गांभीर्याने घेतलं गेलं. ती जिथे राहायची असं मानतात, त्या जागी १९४१ मध्ये पर्यटकांसाठी स्वच्छतागृह केलं होतं. आज तिथे तिची कहाणी सांगणारं दालन आहे. ते २०१८ मध्ये उघडलं.

माँटपेलियरला तर भांडण थेट कारभारापर्यंत गेलं. गुलामांच्या वंशजांना विश्वस्त मंडळात बरोबरीचा वाटा द्यायचं २०२१ मध्ये ठरलं. २०२२ मध्ये मंडळाने शब्द फिरवला. वंशजांची बाजू घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना काढलं. केवढा गदारोळ झाला! शेवटी मंडळाला नमतं घ्यावं लागलं आणि वंशजांनी सुचवलेली ११ माणसं विश्वस्त झाली.

"आम्ही जेफरसन बघायला आलो, गुलामी काय ऐकवता?" असं कुरकुरणारे तिथेही आहेत. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढला की, केंद्राच्या ताब्यातल्या स्थळांवर पूर्वजांना कमीपणा आणणारा मजकूर नको. ही तिन्ही घरं खासगी संस्था चालवतात, म्हणून त्यांच्या पाट्यांवर सरकारचा थेट हात चालत नाही. पण उद्या देणगीदार रुसले तर? तेव्हाच कळेल या संस्था किती ठाम आहेत.

माझं मत सरळ आहे. भिंती जपायच्या आणि त्या बांधणाऱ्यांची नावं गाळायची, याला मी वारसा म्हणणार नाही. वॉशिंग्टन, जेफरसन यांचं मोठेपण खरं असेल, तर पूर्ण सत्य सांगितल्याने ते वितळणार नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं तिकडे आहेत. गेलात तर नायगारा बघाच, पण एक दिवस या घरांसाठी काढा. दिवाणखाना बघून परत फिरू नका. माँटपेलियरच्या तळघरातही जा. तिथल्या विटांवर, माती ओली असताना उमटलेले गुलामांच्या बोटांचे ठसे अजून दिसतात.